मेंढरांमागून येणाऱ्या मामांना, जाहीर आभार

मामा, रामराम.

हे पत्र तुमच्या थोरल्याच्या फोनवर पाठवतेय, तो वाचून दाखवेल. चारचौघांत वाचता यावं असं मुद्दामच लिहिलंय. तुमचे उपकार माझ्या एकटीवर नाहीत, सगळ्या वस्तीवर आहेत. शिवाय जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात ज्यांच्या दाराला ऊस लागून आहे, त्यांनाही यातलं काही कामी येईल. नाव मात्र घालत नाही. तुम्हाला ते रुचणार नाही, हे ठाऊक आहे.

दिवाळी झाली की तुम्ही पारनेरच्या माळावरून कोकणाकडे निघता आणि वाटेत आमच्या रिकाम्या रानात मेंढरं बसवता. खताचे पैसे, धान्य, काय द्यायचं ते मामंजी आणि तुम्ही बसून ठरवता. जनावरांच्या पावलांचा माग वाचायला तुम्ही मला शिकवलंत, त्याचं मोल त्या हिशेबात कधी धरलंच गेलं नाही.

आमच्याकडची गत तुम्ही जाणताच. कुकडीची धरणं झाली, कालव्याला पाणी आलं, जिरायतीत ऊस उभा राहिला, आणि वर्षवर्षभर न हलणाऱ्या त्या उसात बिबट्याची पिढी जन्मून मोठी झाली. आता कुणाच्या बांधावर कसलाही ठसा दिसू दे, फोटो फिरतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘बिबट्या आला, पोरं सांभाळा.’ भलत्याच जिल्ह्यातला व्हिडिओ आमच्या गावाच्या नावानं फिरलेला मी स्वतः पाहिलाय. शाळेची पोरं त्याच पाणंदीनं जातात, त्यामुळे हसून सोडूनही देता येत नाही.

त्या सकाळी पाणंदीच्या फुफाट्यात ठसे दिसले आणि वस्ती गोळा झाली. तुम्ही लोटा घेऊन चालला होतात, थांबलात. सगळे वरून वाकून बघत होते. तुम्ही सूर्याकडे तोंड करून उकिडवे बसलात आणि मला म्हणालात, “पोरी, ऊन तिरपं हाय तवर बघ. बारा वाजता काय बी दिसायचं न्हाई.” मग काडीनं एकेक दाखवत गेलात. बोटं चार. नखं उमटलीत का? उमटलीत. बिबट्या चालताना नखं आत ओढून चालतो, त्यामुळे बहुतेक वेळा ती दिसत नाहीत. कुत्रं, कोल्हा, लांडगा, तरस यांची दिसतात. बिबट्याची बोटं गोलसर आणि जरा तिरकी बसलेली, एक बोट बाकीच्यांच्या पुढे, म्हणून डावा पाय कुठला नि उजवा कुठला हेसुद्धा सांगता येतं. मागच्या गादीच्या कडेला तीन फुगवटे. रुंदीला माझी चार बोटं आडवी बसतील एवढा.

हे सगळं ऐकून पुढारी मंडळी म्हणाली, मग हे कुत्रंच. तुम्ही मान हलवलीत आणि माग धरून पुढे चालू लागलात. एका ठशावर निकाल द्यायचा नाही, हा धडा मला तिथं मिळाला. चिखलात पाय घसरला तर बिबट्याचीही नखं उमटतात, ओल्या मातीत ठसा पसरून दीडपट दिसतो. दहा-वीस पावलं बघितल्यावर खरं काय ते कळतं. इथे पुढचे पंजे मोठे होते आणि मागचे त्यांच्या मानानं फारच लहान, डोळ्यांत भरावा इतका फरक. पुढे बांधाच्या कडेला विष्ठा सापडली, वाळून पांढरीफटक झालेली. हाडं चावून खाणाऱ्याचीच अशी असते. “तरस हाय,” तुम्ही म्हणालात. “मेलेलं ढोर कुठं टाकलंय ते बघा, तिकडनं आलंय.” ओढ्याच्या अंगाला टाकलेलं होतंच.

पुढे मी वाचलं, की शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेरे लावून अभ्यास केला होता. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. शेती आणि वस्तीच्या त्या भागात दर १०० चौरस किलोमीटरला साधारण पाच प्रौढ बिबटे निघाले, आणि तरसंही जवळपास तेवढीच! म्हणजे रात्री बांधावरून जाणारं जनावर तरस असण्याची शक्यता काही कमी नाही. आमच्या पंचक्रोशीत मात्र तरसाचं नाव कुणी घेत नव्हतं, सगळं बिबट्याच्या खात्यावर. त्याच भागात बिबट्याच्या विष्ठेतले केस तपासले, तर त्याच्या खाण्यात वजनानं ३९ टक्के कुत्री निघाली आणि शेळ्या ११ टक्के, तेही शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असताना. हे मी मामंजींना वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, “म्हणून आपल्या वस्तीवर कुत्रं टिकत न्हाई.”

कुणी असं समजू नये की मामा येईल त्याला ‘तरस’ सांगून धीर देतात. शेजारच्या आळीत शेळी मेली, तेव्हा लोक कुत्र्यांवर घालत होते. तुम्ही गळ्याखालचे केस बाजूला करून सुळ्यांची भोकं दाखवलीत, आणि शेळी उसाकडे ओढत नेल्याची फरफट. भटकी कुत्री मांड्या, कुशी, मिळेल तिथं लचके तोडतात, जनावर जागोजागी फाटलेलं असतं. इथे गळा सोडला तर अंगावर फारसं काही नव्हतं. “ह्यो वाघच,” म्हणालात. बिबट्याला तुम्ही वाघच म्हणता. शेळी हलवू दिली नाहीत आणि लगेच वनखात्याला फोन करायला लावलात. हे किती महत्त्वाचं होतं ते नंतर समजलं. बिबट्या, लांडगा, तरस, कोल्हा यांनी जनावर मारलं तर शासनाची भरपाई मिळते, गावच्या कुत्र्यांनी मारलं तर नाही. खबर ४८ तासांच्या आत द्यावी लागते आणि पंचनाम्याला मढं जागेवर लागतं. कुत्र्यांचं काम म्हणून शेळी पुरून टाकली असती, तर त्या शेळीवाल्या माउलीच्या हाती काहीच आलं नसतं.

लांडगा आणि कुत्रं यांचा ठसा जवळजवळ सारखाच. त्याचं तुम्ही एका वाक्यात सांगितलंत, लांडगा कामावर निघाल्यासारखा सरळ रेघेत जातो आणि कुत्रं हुंगत, वळत, थांबत. तुमची मेंढरं ज्यानं उचललीत त्याच्याबद्दल बोलताना तुमच्या आवाजात राग नव्हता. मला नवल वाटलं. वाघरीला, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीला, रात्री दोनदा फेरी मारायची आणि कुत्री जागी ठेवायची, एवढंच तुमचं त्यावर उत्तर.

तुम्ही गेल्यावर ऊसतोडीला टोळी आली, तेव्हा पाचटात दोन पिल्लं सापडली आणि ‘बिबट्याची पिल्लं’ म्हणून ओरडा झाला. माझ्या मुलीनं आधी पंजे बघितले. बिबट्याच्या पिल्लाचे पंजे जाडजूड असतात, ही तर मुठीत मावतील एवढी, कपाळावर पांढऱ्या रेघा, पाठीवर ठिपक्यांच्या ओळी. वाघाटी होती. जगातल्या सगळ्यात लहान मांजरांपैकी एक, पूर्ण वाढली तरी किलो-दीड किलोची. वनखात्याची माणसं आली, त्यांनीही तेच सांगितलं. संध्याकाळी पिल्लं त्याच जागी टोपलीत ठेवली आणि रात्रीतून आई घेऊन गेली. या कामात टोळीतल्या बायकांनी फार समजूतदारपणा दाखवला, तेही सांगायला हवं. मजुरी अंगावर तोडीची असते, तरी त्यांनी तेवढा फड दुसऱ्या दिवसावर टाकला.

आता संध्याकाळी पोरं डहाळी घेऊन पाणंदीचा एक पट्टा सारखा करून ठेवतात आणि सकाळी शाळेआधी आम्ही मोठी माणसं सोबत जाऊन बघतो. साळिंदर, मुंगूस, रानडुक्कर, बाऊल म्हणजे रानमांजर, कितीतरी पाहुणे निघाले. बिबट्याही असतो, नाही असं नाही. ज्या दिवशी त्याचा ताजा माग असतो त्या दिवशी पोरं ट्रॅक्टरवरून जातात, आणि गोठ्याला आता वरूनही जाळी मारली आहे. पूर्वी रोजच भीती होती. तुमच्यामुळे ती आता खरा माग दिसतो त्या दिवशीच असते.

यंदा खालचं रान दिवाळीपर्यंत मोकळं होतंय, तिथंच उतरा. विहिरीला पाणी आहे. धान्याचं मामंजी बघतील. आणि मामा, एक ठसा फोनमध्ये ठेवलाय, शेजारी काडेपेटी ठेवून काढलाय. पाच बोटं, पुढे लांब नखांच्या खुणा, मोहोळाच्या झाडाखाली माती उकरलेली. मी चांदी अस्वल (इंग्रजीत हनी बॅजर) म्हणते, मुलगी मुंगूस म्हणते. आमची पैज लागली आहे, तेव्हा आल्या आल्या आधी तेवढा निकाल द्या, मग चहा.

तुमची,
कालव्याकडच्या वस्तीवरची सून