रॅपवर ठपका ठेवण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला, रंगभूमीवरच्या ढासळत्या शब्दोच्चारांविषयीचा लेख मी तालमीला जाताना वाचला आणि परतताना पुन्हा वाचला. नव्या नटांचे शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाहीत ही लेखकाची तक्रार खरी आहे. तिचे खापर मात्र त्यांनी हिप-हॉपवर फोडले आहे, आणि यंत्राच्या ठेक्यावर भराभर बोलणे, म्हणजे हिप-हॉपमधला रॅप, ही जिवंत कलाच नव्हे, असा निकालही जाता जाता देऊन टाकला आहे. मी बरीच वर्षे नाटकांत काम करते. रॅपकडे मी वळले ते खूप उशिरा, तेही एका लांबलचक स्वगताने मला जेरीस आणले तेव्हा.

त्या स्वगतात माझा दम दरवेळी वाक्याच्या मध्यावरच संपत असे. दिग्दर्शक म्हणत, अर्थाप्रमाणे श्वास घ्या. पण अर्थ एकीकडे आणि छाती दुसरीकडे, अशी माझी अवस्था होती. एका तरुण सहकाऱ्याने मिनिटाला 90 ठोक्यांचा साधा ठेका लावून दिला आणि त्यावर स्वगत म्हणायला सांगितले. चार ठोक्यांचा एक बार धरला, तर या गतीत सोळा बारांचे कडवे सुमारे 43 सेकंदांत संपते, आणि प्रत्येक ठोक्यात चार अक्षरे बसवली तर सेकंदाला सहा अक्षरे उच्चारावी लागतात. एवढ्या वेगात ठेका कोणासाठीही थांबत नसल्यामुळे श्वासाची जागा लिहितानाच ठरवून ठेवावी लागते. कसलेला रॅपर ओळीतले एखादे अक्षर मुद्दाम गाळतो, यमक ठोक्याच्या किंचित मागे टाकतो आणि त्या फटीत श्वास घेऊन मोकळा होतो; ऐकणाऱ्याला मात्र तो हेतुपुरस्सर घेतलेला पॉज वाटतो. अशा फटी मी माझ्या स्वगतातही शोधल्या. दोन ठिकाणी वाक्य अधिक स्वच्छ झाले, एका ठिकाणी अर्थाचा पार विचका झाला आणि दिग्दर्शकांनी ती जागा मला पुन्हा भरायला लावली.

या सरावात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. वेग वाढला की स्वर आखडतात आणि शब्द ओळखू येतो तो व्यंजनांमुळे. क, त, प, ट यांचा आघात ठोक्यावर नेमका पडला नाही, तर ओळ लगेच पांगते, त्यामुळे शब्द गिळायला रॅपमध्ये खरे तर सर्वांत कमी वाव आहे. तरीही प्रत्यक्ष कार्यक्रमात शब्द कळत नाहीत, हा अनुभव मलाही आला आहे, आणि त्याचे एक कारण अगदी साधे आहे: मायक्रोफोनची जाळी मुठीत धरण्याची लकब. समोरचाच आवाज टिपण्यासाठी बनवलेल्या मायक्रोफोनला मागच्या बाजूने फटी असतात. त्या तळहाताने झाकल्या की तो चहूकडचा आवाज घेऊ लागतो, शब्द गढूळ होतात आणि ध्वनिक्षेपकातून शिट्टी उठते. आम्हा नटांनीही फार हसू नये, कारण केसांत दडवलेल्या मायक्रोफोनच्या भरवशावर वाक्याचे शेवटचे अक्षर सोडून देण्याची सवय आमच्यातही बोकाळली आहे.

आता यंत्राविषयी. त्यासाठी हिप-हॉपचा उगम जिथे मानला जातो, त्या मेजवानीकडे जावे लागेल. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, 1520 सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत, सिंडी कॅम्पबेल यांनी मेजवानी ठेवली होती आणि त्यांचे बंधू डीजे कूल हर्क तबकड्या लावत होते. गाण्यातला फक्त तालवाद्यांचा तुकडा सुरू झाला की नाचणाऱ्यांना सर्वाधिक चेव येतो, हे हेरून हर्क यांनी एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रतींवर तो तुकडा आलटून पालटून वाजवत लांबवण्याची युक्ती रुजवली. समोरची गर्दी पाहून हाताने पुढचा क्षण ठरवणे, याला वादन म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? आणि माइकवरून नाचणाऱ्यांना पुकारणारा, त्यांच्याकडून उत्तर मागणारा एमसी हा तर आमच्या सूत्रधाराचाच भाऊबंद.

पुढे 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आलेल्या ‘हॅमिल्टन’ या संगीत नाटकात रॅपच्या साथीला दहा वादकांचा जिवंत वाद्यवृंद होता, म्हणजे या दोहोंत मुळात वैर नाही. माझ्या लेखी प्रश्न एवढाच आहे की वाजवणारा माणूस रंगमंचाकडे पाहतो आहे की नाही. आमच्या एका जुन्या नाटकात विंगेत तालवादक बसत. एका प्रयोगाला नेपथ्यातले दार अडकले, सहकलाकार पलीकडेच राहिला, आणि दार उघडेपर्यंत त्यांनी ठेका असा काही खेळवला की प्रेक्षकांना ती उत्कंठा वाटली. पुढे त्याच नाटकाचे पार्श्वसंगीत ध्वनिमुद्रित झाले. मग एकदा माझे एक वाक्य सुटले तेव्हा संगीत आपल्या वेळी संपून गेले आणि मी शांततेत, नको तिथे, नको त्या आवेशात उभी राहिले. हा दोष हिप-हॉपने आमच्याकडे आणलेला नाही. खर्च वाचवण्यासाठी आम्हीच तो पत्करला आहे. उलट गायकाचा मुख्य आवाजच आधी मुद्रित करून वर ओठ हलवणारे कार्यक्रम पाहिले, की साध्या टाळ्यांच्या साथीवर वर्तुळात उभे राहून तत्क्षणी ओळी रचणारी मुले मला नाटकाच्या कितीतरी जवळची वाटतात. तिथे ओळ चुकली तर सावरायला दुसरे कोणीही नसते.

म्हणून एक विनंती. आपले नाट्यसमीक्षक उच्चार, श्वास, पॉज आणि प्रेक्षकांशी जुळणारे नाते यांवर आमची झाडाझडती घेतात, ती आम्हाला उपयोगीही पडते. त्यांनाच एखाद्या हिप-हॉप कार्यक्रमाला पाठवावे, पहिल्या रांगेत न बसवता मागे उभे करावे, आणि त्यांचे परीक्षण नाट्यपरीक्षणाच्या पानावर छापावे. ते प्रतिकूल आले तरी मी आवडीने वाचेन.

आपली नम्र,
एक रंगकर्मी वाचक