सवलत करारात आहे, गाळ्यापर्यंत येत नाही: वाणिज्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. पीयूष गोयल,
वाणिज्य आणि उद्योग मंत्री, भारत सरकार

विषय: मुक्त व्यापार करार आणि लहान कारखान्यांचे उत्पत्ती प्रमाणपत्र

महोदय,

सविनय नमस्कार.

मुक्त व्यापार करारांवरचा वाद सध्या दोनच सुरांत चालतो. एकाला प्रत्येक सहीत देश विकलेला दिसतो, दुसऱ्याला प्रत्येक सहीत निर्यात वाढलेली दिसते. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर आधी २५ आणि मग आणखी २५ टक्के शुल्क लावल्यापासून ‘आपणही दारे लावून घ्या’ म्हणणाऱ्यांचा आवाज चढला आहे. आम्ही मुंबईत आयात-निर्यातीची कागदपत्रे करणारी माणसे आहोत. दारे लावण्याला आमचा विरोध आहे, कारण एक मोठे गिऱ्हाईक महाग झाले की दुसरी गिऱ्हाइके शोधावीच लागतात. मात्र करारातली सवलत उत्पत्तीच्या दाखल्यावर, म्हणजे माल कोणत्या देशात तयार झाला याच्या दाखल्यावर मिळते आणि लहान कारखाना नेमका तिथेच अडतो. या वादात त्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला झालेला करार घ्या. तिथे आपल्या तयार कपड्यांवर शुल्क लागत आले आहे, तर बांगलादेशचा माल शून्यावर उतरतो. शुल्क गेले तर इथल्या शिलाई कारखान्याला मोठा आधार आहे. पण शुल्क जाते ते माल ‘भारतीय’ ठरला तरच, आणि ते ठरवणारा नियम प्रत्येक करारात, प्रत्येक वस्तूला वेगळा.

समजा एखाद्या वस्तूला ४० टक्के मूल्यवृद्धीची अट आहे, म्हणजे परदेशी साहित्य वजा जाता भावातला निदान ४० टक्के वाटा उरला पाहिजे. चारकोपच्या गाळ्यात तयार झालेल्या बॅगेचा एफओबी (जहाजावर चढवेपर्यंतचा) भाव १,००० रुपये आणि तिच्यातले परदेशी कापड, चेन, बकल मिळून ५७० रुपये. मूल्यवृद्धी ४३ टक्के, माल पात्र. शुल्क जाणार हे कळताच खरेदीदार त्यातला वाटा मागतो आणि भाव १० टक्के उतरवायला लावतो. आता भाव ९००, परदेशी साहित्य तेच ५७०, मूल्यवृद्धी ३६.६७ टक्के. भाव उतरला आणि सवलतही गेली! या बॅगेला ९५० रुपयांच्या खाली उतरता येत नाही: ५७० भागिले ०.६०, इतका साधा हिशेब आहे. पण सौदा करताना तो कारखानदारासमोर नसतो. दाखल्याचा अर्ज भरताना समोर येतो, तोवर ऑर्डर पक्की झालेली असते.

याहून वाईट गळती स्थानिक खरेदीत होते. मंगळदास मार्केटातून घेतलेल्या अस्तराच्या जीएसटी बिलावर विक्रेता मुंबईचा असतो, कापड कुठे विणले ते लिहिलेले नसते. पुरावा नसलेले साहित्य हिशेबात परदेशीच धरावे लागते. म्हणजे भिवंडीत विणलेले अस्तर कागदावर परदेशी होते आणि बॅग अपात्र ठरते. मोठी कंपनी पुरवठादाराकडून उत्पत्तीचे घोषणापत्र लिहून घेते; दहा कारागिरांच्या गाळ्याला ते कोणी देत नाही. व्यापाऱ्यांमधल्या जीएसटी बिलावर ‘मूळ देश’ असा एक रकाना आला तर हा प्रश्न बराचसा सुटेल. हे काम अर्थ मंत्रालयाचे आणि जीएसटी परिषदेचे आहे हे आम्हाला ठाऊक आहे. मागणी आपल्या मंत्रालयाने करायला हवी.

उरलेल्या चुका किरकोळ दिसतात, पण माल अडवतात. न्हावाशेव्याहून निघालेला कंटेनर कोलंबो किंवा दुबईच्या जेबेल अलीला जहाज बदलतो आणि थ्रू बिल ऑफ लेडिंग, म्हणजे सगळ्या प्रवासाची एकच वाहतूक पावती, नसते. करार एचएसच्या (मालाच्या आंतरराष्ट्रीय कोड-सूचीच्या) एका आवृत्तीवर बेतलेला आणि शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम अर्ज) दुसऱ्या आवृत्तीवर, त्यामुळे सहा अंकी कोड जुळत नाही. ब्रिटनच्या करारात निर्यातदाराला उत्पत्ती स्वतःच जाहीर करता येते. ही मोठी सोय आहे, पण पडताळणी नंतर होते. तेव्हा खर्चपत्रक सापडले नाही, तर तिकडचे कस्टम खरेदीदाराकडून शुल्क वसूल करते आणि खरेदीदार ते पुढच्या बिलातून कापतो.

आयातीच्या बाजूची भीती खोटी नाही. ज्या मिश्रधातूत वजनाने निदान २ टक्के प्लॅटिनम, तो शुल्कसूचीत प्लॅटिनम ठरतो. या एका टिपेच्या आधारे, संयुक्त अरब अमिरातीशी झालेल्या कराराच्या सवलतीत, बहुतांश सोनेच असलेला ‘प्लॅटिनम मिश्रधातू’ देशात आला. सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात ९९ टक्के शुद्धतेच्या प्लॅटिनमला वेगळा कोड दिला. हा इलाज आम्हाला योग्य वाटतो: जिथे भोक आहे तिथेच ठिगळ. सवलतीने येणाऱ्या मालाची उत्पत्ती तपासण्याच्या, सप्टेंबर २०२० पासूनच्या कॅरोटार नियमांचे तसे नाही. परदेशी पुरवठादाराचा खर्च आणि प्रक्रिया यांची माहिती मिळवून पाच वर्षे जपण्याची जबाबदारी प्रामाणिक आयातदारावरही तितकीच पडते, आणि पुरवठादार आपला खर्च सहसा उघड करत नाही. पॉलिएस्टरच्या कच्च्या मालावरचे गुणवत्ता नियंत्रण आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये मागे घेतले, त्याबद्दल सरकारचे मनापासून आभार. असे आदेश असताना शुल्क शून्य असूनही धागा येत नव्हता, कारण पाठवणाऱ्या कारखान्याकडे बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) परवाना नव्हता. भिंत शुल्काचीच असावी लागते असे नाही.

चारकोप, कांदिवली, मालाड हा आपलाच मतदारसंघ. तिथल्या एखाद्या औद्योगिक वसाहतीत खर्चपत्रक तपासून देणारा कक्ष सुरू करावा. ऑर्डर घेण्याआधी कारखानदाराने साहित्याची यादी आणि बिले आणावीत, आणि कोणत्या करारात माल बसतो व किमान भाव किती हे त्याला लेखी मिळावे. शिवाय कोणत्या कराराची सवलत कोणत्या शीर्षकाच्या मालाने किती वापरली, ही आकडेवारी दर तिमाहीला जाहीर करावी. आयातीची नोंद बिल ऑफ एंट्रीत (आयातीच्या कस्टम अर्जात) असते, निर्यातीच्या दाखल्यांची सरकारी पोर्टलवर, आणि स्वयंघोषणेची नोंद भागीदार देशाकडून मागवता येते. आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार कराराच्या वाटाघाटींतून ४ नोव्हेंबर २०१९ ला बाहेर पडणे बरोबर होते की चूक, हा वाद आजही अंदाजांवरच चालतो. निदान झालेल्या करारांबद्दल तरी आकडे समोर ठेवून बोलता येईल. पुढच्या करारावर सही होण्याआधी पहिला तिमाही तक्ता यावा, ही विनंती.

आपले,
मुंबईत आयात-निर्यातीची कागदपत्रे करणारे