टनांच्या आकड्याला भुलून ब्लँक घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या घरी बास रॉड, म्हणजे बास मासा धरायच्या गळाची काठी, बांधण्याच्या छंदावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. मराठीत या विषयावर कोणी लिहितंय याचा आनंद आहेच. ब्लँक म्हणजे कड्या आणि मूठ बसवण्याआधीची रॉडची कोरी नळी. पण ‘ब्लँक जितक्या जास्त टनांचा, तितका संवेदनशील, तेव्हा परवडेल तेवढा महाग घ्या’ हा त्यातला सल्ला नवख्या माणसाला नाहक खर्चात पाडणारा आहे. इथे टेक्सासमध्ये लार्जमाऊथ बासच्या मागे हिंडणाऱ्या आणि आपापले रॉड घरीच बांधणाऱ्या काही मराठी मंडळींच्या वतीने हे पत्र लिहीत आहोत.

मुळात टन हे माप ब्लँकचं नाही, कार्बनच्या धाग्याचं आहे. तो धागा ताणाला किती ताठ राहतो, ते प्रति चौरस मिलिमीटर टनांत सांगतात. २४ टन म्हणजे अमेरिकी मापात सुमारे ३४ एमएसआय (प्रति चौरस इंच दशलक्ष पौंड), ३० टन म्हणजे ४३ च्या आसपास आणि ४० टन म्हणजे ५७. काचेचा धागा, म्हणजे फायबरग्लास, १० ते १२ एमएसआयवर थांबतो. पण ब्लँकमध्ये धाग्याबरोबर त्याला जखडून धरणारं रेझिन असतं, सगळे थर एकाच कापडाचे नसतात आणि एखादी पट्टी चाळीस टनी कापडाची घातली तरी वर ‘४० टन’ छापायला कोणाची आडकाठी नाही. आयएम६, आयएम७, आयएम८ यांचंही तेच. ही हेक्सेल कंपनीच्या धाग्यांची नावं. ती वाटेल त्या रॉडवर छापली जाऊ लागल्यापासून त्यांच्यावरून दर्जा ठरवण्यात अर्थ उरलेला नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट लेखात आलीच नाही. ब्लँक ही पातळ भिंतीची नळी आहे आणि अशा नळीचा ताठपणा तिच्या त्रिज्येच्या घनाच्या पटीत वाढतो. भिंत तेवढीच ठेवून नळी १० टक्के जाड केली, तर माल १० टक्केच जास्त लागतो, ताठपणा मात्र ३३ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे साध्या ३० टनी कापडाचा, पण नीट आखलेल्या उताराचा (बुंध्याकडून टोकाकडे निमुळता होण्याचा) ब्लँक हा वाईट आखलेल्या ४० टनी ब्लँकला सहज मागे टाकू शकतो. शिवाय धागा जितका ताठ, तितका तो तुटण्याआधी कमी ताणला जातो. अशा ब्लँकवर जड जिगचा (शिशाचं डोकं असलेल्या आमिषाचा) फटका बसला किंवा होडीत ओढून घेताना रॉड उभा धरला, की तो तडकतो. पहिला रॉड बांधणाऱ्याने हे जोखीम पैसे मोजून विकत घेऊ नये.

मग घ्यायचा कोणता? तळाशी खेळवायच्या आमिषांसाठी, म्हणजे टेक्सास रिग (हूक आत लपवलेलं मऊ प्लास्टिकचं आमिष) आणि जिगसाठी, ७ फूट ते ७ फूट ३ इंच, मीडियम हेवी ताकदीचा, फास्ट ॲक्शनचा (मुख्यतः टोकाकडे वाकणारा) कास्टिंग ब्लँक, म्हणजे ज्यावर रील वरच्या बाजूला बसतो तो. आमिषाची मर्यादा पाऊण ते एक औंसापर्यंत, लाईन १२ ते २० पौंड. ब्लँकचं वजन दीड ते सव्वादोन औंस, म्हणजे साधारण ४५ ते ६५ ग्रॅम. टोकाची जाडी ४.५ ते ५.५, हा आकडा इंचाच्या चौसष्टाव्या भागात असतो, तेव्हा ५ म्हणजे जवळजवळ २ मिलिमीटर. रेनशॅडो, सेंट क्रॉय, एमएचएक्स या तिन्ही घराण्यांत या मापाचे मधल्या किमतीचे ब्लँक मिळतात आणि ६० ते ११० डॉलरांत बहुतेकांचं काम भागतं. त्याच्या वर मिळणारा फरक खरा आहे, पण तो रॉड नीट बांधला असेल तरच हाताला कळतो.

क्रँकबेट (ओढताना बुडी मारणारं टणक आमिष) ओढण्यासाठी मात्र हा ब्लँक घेऊ नका. तिथे उशिरा वाकणारा कडक रॉड माशाच्या तोंडातून हूक उपसून काढतो. त्यासाठी ग्लासचा किंवा ग्लास-कार्बन मिश्रणाचा मॉडरेट (मध्यापर्यंत वाकणारा) ब्लँक, आणि तो स्वस्तही पडतो.

‘मीडियम हेवी’ या शब्दांना सर्वमान्य माप नाही, एकाचा मीडियम हेवी तो दुसऱ्याचा हेवी. यावर डॉ. विल्यम हॅनमन यांनी अमेरिकी एक सेंटची नाणी वापरून ‘कॉमन सेंट्स’ नावाची पद्धत बसवली आणि ती घरी सहज करता येते. ब्लँकचा बुंधा आडवा, पक्का आवळा. टोकाला पिशवी अडकवून टोक ब्लँकच्या लांबीच्या एक तृतीयांशाइतकं खाली येईपर्यंत वजन टाकत जा. लागलेलं वजन ही ब्लँकची ताकद. त्या वेळी टोक आडव्या रेषेशी जो कोन करतं, ती त्याची ॲक्शन. कोन जितका मोठा तितका ब्लँक फास्ट. नाण्यांऐवजी पिशवीत पाणी भरून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं तरी चालतं. दोन ब्लँकची तुलना करताना दोन्ही वेळा बुंध्याची तेवढीच लांबी आवळलेली हवी, नाहीतर आकडे जुळणार नाहीत. ब्लँक तपासताना कधीही टोक चिमटीत धरून वाकवू नका. दुकानात ब्लँक मोडतात ते बहुधा असेच.

आता संवेदनशीलतेकडे. हाताला कळतं ते म्हणजे टोकाला बसलेला ठुणका मुठीपर्यंत किती लवकर आणि किती स्पष्ट पोचतो ते. ताठपणा जास्त आणि वजन कमी, तितकी काठी जलद थरथरते आणि लवकर शांत होते. यात वजन कुठे आहे याला फार किंमत आहे. एकसारख्या जाडीची दांडी धरून हिशेब केला, तर टोकावरचा १ ग्रॅम मध्यावरच्या ८ ते ९ ग्रॅमांइतका भारी पडतो. रॉड टोकाकडे निमुळता होत जातो, म्हणून प्रत्यक्षात फरक याहून मोठा. दोनशे डॉलरांच्या ब्लँकवर मोठ्या कड्यांचे दोन पायांचे गाईड (लाईन ओवायच्या कड्या) टोकापर्यंत चढवून वर इपॉक्सीचे गोळे थापणं म्हणजे काठीच्या शेंड्याला ओलं फडकं बांधण्यासारखं आहे. इथेच हलके गाईड लावलेला स्वस्त ब्लँक बाजी मारतो.

तेव्हा ब्लँकवर वाचवलेले पैसे गाईडवर घाला. रीलजवळचे एक-दोन गाईड दोन पायांचे, पुढचे सगळे एका पायाचे, ५.५ किंवा ५ आकाराचे. फूजीचे केआर पद्धतीचे छोटे गाईड याच कामासाठी आहेत. संख्या फुटांच्या संख्येपेक्षा एक-दोनने जास्त धरा: ७ फुटी कास्टिंग रॉडला टोकाचा सोडून ८ ते ९. आधी टेपने चिकटवा, लाईन ओवा, टोक बांधून रॉड वाकवा आणि लाईन कुठे ब्लँकला घासते किंवा दोन गाईडमध्ये सरळ ताणून कोन करते ते पाहून सरकवा. गाईड बांधायचा दोरा ‘ए’ जाडीचाच वापरा, ‘डी’ समुद्रावरच्या रॉडसाठी ठेवा. त्यावर इपॉक्सीचे दोन पातळ हात पुरतात. गाईडच्या पायावर फुगवटा दिसला, तर तिथे उगाच वजन बसलंय असं समजा.

हे खरं-खोटं पाहायचं असेल तर मोबाईलचा स्लो मोशन कॅमेरा पुरे. बुंधा शिकंज्यात आवळा, टोक दोन इंच खाली ओढून सोडा आणि सेकंदाला २४० चौकटींच्या चित्रणात पाच सेकंदांतली हेलकाव्यांची संख्या मोजा. आधी उघडा ब्लँक, मग टेपने लावलेल्या गाईडसकट. दोन्हींतली घट म्हणजे तुमच्या गाईडनी खाल्लेली संवेदनशीलता. मोठे गाईड काढून छोटे लावा आणि पुन्हा मोजा. हा आकडा कुठल्याही छापील टनापेक्षा जास्त सांगतो.

लेखात ‘स्पाईन शोधल्याशिवाय गाईड लावूच नयेत’ असं ठासून म्हटलं आहे. स्पाईन, म्हणजे ब्लँकची जास्त ताठ बाजू, असतो, कारण कापड गुंडाळताना थर सगळीकडे सारखे येत नाहीत. पण रॉड हातात पिळतो तो स्पाईनमुळे नव्हे. कास्टिंग रॉडवर गाईड वरच्या बाजूला असतात, लाईनचा ताण त्यांना खाली ओढतो आणि रॉड फिरू पाहतो. स्पाईन कुठेही धरा, हे टळत नाही. टाळायचंच असेल तर गाईड सर्पिलाकार खाली वळवत न्यावेत. एरवी ब्लँक सपाट टेबलावर लोळवून त्याची सरळ बाजू शोधा आणि बाक वर किंवा खाली येईल असे गाईड लावा, डावीउजवीकडे नको. रॉड डोळ्यांसमोर सरळ दिसतो, एवढंच त्यातून साधतं. ते पुरेसं आहे.

स्वस्तात ब्लँक मिळवण्याचे आणखी दोन मार्ग लेखात यायला हवे होते. एक, रंगात किंवा पॉलिशमध्ये डाग असलेले कारखान्याचे दुय्यम ब्लँक. रंग न दिलेले ब्लँकही चांगले, रंगाचंही वजन असतंच. घेण्यापूर्वी टेबलावर लोळवा, अंगठा फिरवून मऊ जागा चाचपा, हळूच वाकवून कानाशी धरा. टकटक आली तर ठेवून द्या. दुसरा, जुन्या तयार रॉडचे गाईड उतरवून तोच ब्लँक वापरणं. पाती फक्त गाईडच्या पायावरून चालवा, ब्लँकवर नाही. ब्लँकवर बारीक ओरखडा जरी पडला, तरी तो पुढे नेमका तिथूनच मोडतो. टोकाचा गाईड लायटरच्या झळीने सुटतो, पण झळ धातूला द्या, कार्बनला नको.

लांबी कमी करायची तर बुंध्याकडून कापा. टोकाकडून इंचभर कापलं तरी काठी कडक होते आणि ज्या बारीक शेंड्यासाठी पैसे दिले तोच केरात जातो.

रील सीट (रील अडकवायची खोबण) ब्लँकवर बसवताना मध्ये जी फट राहते, ती लेखकांनी कागदी टेपच्या रुंद पट्ट्यांनी भरून ‘पाच मिनिटांच्या इपॉक्सी’ने चिकटवायला सांगितली आहे. कृपया हे कोणी करू नये. टेप पाणी शोषतो, ते इपॉक्सी कालांतराने ठिसूळ होतं आणि सीट ऐन माशाच्या ओढीत गरकन फिरते. फोमचे किंवा ग्रॅफाईटचे आर्बर (फट भरणाऱ्या कड्या) वापरा आणि रॉडसाठी मिळणारं घट्ट, सावकाश सुकणारं इपॉक्सी लावा. सीट आर्बरशी सगळीकडून चिकटली पाहिजे, पोकळी राहिली की ठुणका तिथेच विरतो. गाईडवरच्या इपॉक्सीचे दोन्ही भाग आकारमानाने सारखे, ३ आणि ३ मिली घ्या. तीनपेक्षा कमी घेतलं की मापातली थोडीशी चूकही मोठी ठरते आणि थर चिकट राहतो. काळ्या रबराच्या दट्ट्याची सिरिंज नको. त्यातल्या सिलिकॉनने इपॉक्सीत माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

लाईनबद्दल एक वाक्यही लेखात नाही, याचं नवल वाटलं. साधी नायलॉन लाईन तुटण्याआधी २० ते ३० टक्के ताणली जाते, वेणीची लाईन फार तर ३ ते ५ टक्के. लेक फोर्कसारख्या तलावात पाण्याखाली बुडालेली उभी झाडं आहेत. तिथे टेक्सास रिग फांद्यांतून ओढताना लाकडावरची खरखर आणि माशाचा ‘टक्’ वेगळा ओळखावा लागतो. ताणणाऱ्या लाईनने ही निवड करणं अवघड, मग ब्लँक कुठलाही असो. वेणीची लाईन पुढे फ्लोरोकार्बनचा लीडर (आमिषाकडचा आखूड तुकडा) जोडून वापरली, तर पन्नास डॉलर जास्त दिलेल्या ब्लँकपेक्षा जास्त फरक पडतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एवढंच, की मरळीला गवतातून बेडकाच्या आमिषावर काढायचं तर हाच हिशेब, फक्त ब्लँक हेवी घ्यावा, ७ फुटी आणि वेणीच्या ५० पौंडी लाईनला झेपेल असा. परदेशातून एकसंध ७ फुटी नळी मागवली, तर पाठवणीचा खर्च कधीकधी ब्लँकच्या किमतीवर जातो. त्यामुळे दोन तुकड्यांचा ब्लँक घ्या. सांधा नीट बसत असेल तर त्याने वाढणारं वजन मध्यावरचं असतं, आणि मध्यावरच्या ग्रॅमचं काय होतं तो हिशेब वर दिलाच आहे. सांध्याच्या दोन्ही कडांवर अर्धा-पाऊण इंच दोऱ्याची पट्टी आवर्जून बांधा. ती नसेल तर बाहेरची नळी तिथे उभी चिरते.

आपले,
घरी रॉड बांधणारे काही वाचक, डॅलस (टेक्सास)