गौताळ्यात जायचं तर आधी बूट धुवा

संपादक साहेब, नमस्कार.

पाऊस लागला की गौताळा अभयारण्यात गर्दी सुरू होते. आमच्या गावातली पोरं पण मागच्या रविवारी गेली, आणि सकाळी ज्या बुटांनी मोसंबीच्या बागेत फिरली त्याच बुटांनी, चिखलासकट. मी टोकलं तर हसली, म्हणे काका जंगलाला कशाचा रोग होतो!

डिंक्या रोग ज्याच्या बागेत शिरलाय त्याला विचारा म्हणावं. माझ्याकडं तो नर्सरीच्या पिशवीतल्या मातीतूनच आला असं माझं मत आहे, नाव घेत नाही. आधी पानं पिवळी पडली, मग बुंध्याला साल तडकून डिंक गळायला लागला, साल खरवडली तर आत सगळं तपकिरी. तवापासून 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी अशी बोर्डो पेस्ट दरवर्षी लावतो आणि बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं करतो, पण हे बागेत जमतं, जंगलातल्या झाडाझाडाला पेस्ट कोण लावत बसणार?

डिंक्या आणणारी ही फायटोप्थोराची जात, म्हणजे मातीतली बुरशीसारखी कीड, हिचे बीजाणू ओल्या मातीत चक्क पोहतात. न्यूझीलंडात हिच्याच एका भावकीनं कौरीची जुनी झाडं मुळापासून सडवली, ऑकलंडवाल्यांनी 2018 मध्ये वायटाकेरेचं जंगलच लोकांना बंद केलं. तिथं पायवाटेच्या तोंडाला ब्रश आणि जंतुनाशक ठेवलेलं असतं, आधी चिखल खरवडून काढायचा आणि मगच औषध, कारण चिखलावरून औषध मारून उपयोग होत नाही. ऑस्ट्रेलियात जारा नावाच्या झाडांच्या जंगलात तर गाड्या पण धुवून घेतात.

गौताळ्यात हा रोग आलाय असं मी म्हणत नाही, पण आल्यावर मातीतून काढता येत नाही म्हणून आत्ताच बोलतोय. गेटवर एक टाकी आणि दोन-चार ब्रश ठेवायला वनखात्याला किती खर्च येतो? आणि त्या वृक्षलागवडीच्या मोहिमा! कुठल्या कुठल्या नर्सरीतल्या पिशव्या टेम्पो भरून डोंगरावर नेतात, फोटो झाला की संपलं. त्यापेक्षा त्याच डोंगरातलं बी गोळा करा, पिशवीत भरायची माती उन्हाळ्यात ओली करून प्लास्टिकखाली महिना-दीड महिना तापू द्या, आणि खड्डे खणणारा जेसीबी आधी कुणाच्या वावरात होता ते विचारून धुवून मगच वर घ्या.

पोरं येत्या रविवारी परत निघालीत. बादली आणि जुना ब्रश मी ओट्यावर काढून ठेवलाय.

– एक मोसंबीवाला, ता. अंबड, जि. जालना