वहिनी, आता तरी आभार मानू द्या

प्रिय वहिनी,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितोय. इथे तुम्हाला मध्येच थांबवता येणार नाही.

न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसपर्यंत बसने जायचं आणि वाटेत मित्रांकडे उतरायचं, हा बेत ऐकून जो तो विचारायचा, "विमान सोडून बस कशाला?" तुम्ही फक्त विचारलंत, "गाडी कितीला पोहोचते?" तिकडे बसने येणाऱ्याला घरी आणणं किती जिकिरीचं असतं, ते इथे बसून कळत नाही. बसस्टँड शहराच्या मध्यात, आपली माणसं लांबच्या उपनगरांत, आणि अपरात्री तेवढं अंतर जायला बस-ट्रेनचा भरवसा नाही. त्यात इंडियानापोलिसहून आमची गाडी सुटलीच उशिरा. सेंट लुईसला उतरलो तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. मित्र ऑफिसच्या कामाला बाहेरगावी, म्हणून धाकट्याला झोपेतच कारसीटमध्ये बसवून तुम्ही एकट्या आला होतात. आणि गाडीत बसल्यावर पहिला प्रश्न काय, तर "शेजारी कोण होतं?"

नातीच्या पदवीदानाला निघालेल्या त्या आजींबद्दल मी घरी चहा होईपर्यंत बोलत होतो आणि तुम्ही मन लावून ऐकत होतात. शिकायला आलात तेव्हा कार नव्हती, तुम्हीही याच गाड्यांनी फिरलात, हे तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता सेंट लुईसची ती प्रसिद्ध ६३० फुटी कमान, गेटवे आर्च, बघायची. तीही दाखवलीत, पण आधी नदीपलीकडे इलिनॉयमध्ये कहोकियाला नेलंत. जवळपास हजार वर्षांपूर्वी तिथल्या मूळ रहिवाशांनी पाट्यांनी माती वाहून रचलेली शंभर फूट उंचीची टेकडी! वर चढून पाहिलं तर पश्चिमेला कमान दिसत होती. अमेरिकेला इतिहास नाही असं आपल्याकडे किती सहज म्हणतात. मीही पुन्हा म्हणणार नाही.

निघताना डबा दिलात, सोबत तुमच्या अक्षरातला कागद. "मोठ्या स्टँडवर गाडी साफ करायला सगळ्यांना उतरवतात, पिशवी सीटवर सोडू नका. एसी फार असतो, शाल वरच ठेवा. न्यू मेक्सिकोत शिरलात की घड्याळ एक तास मागे." ओळ न् ओळ उपयोगी पडली. अमारिलोला गाडी थांबली तेव्हा खायला एका मशीनमधली वेफर्सची पाकिटं सोडून काही नव्हतं. दुधात भिजवलेल्या दशम्या तोवर तशाच मऊ होत्या. पलीकडच्या सीटवर एक आई आणि तिची छोटी मुलगी होती. मुलीला गुळाची दशमी दिली, तिने लगेच दुसरी मागितली. लसणीची चटणी मात्र मी कुणाला दिली नाही. फ्लॅगस्टाफपर्यंत पुरवली.

परवा साताऱ्याला तुमच्या आईंना भेटून आलो. नातवाचे फोटो त्यांनी तीन-तीनदा पाहिले. त्यांनी मेतकूट आणि कुळथाचं पीठ दिलंय. तुमची शाल धुऊन ठेवली आहे. सगळं एकत्रच पाठवतोय, मिळालं की कळवा.

तुमचा,
बसवाला भावजी