सही कंपनीची की स्वतःची?

कर्ज कंपनीचे, पण वचनचिठ्ठीवर ‘मी देण्याचे वचन देतो’ असा मजकूर आणि खाली संचालकाची नुसतीच सही. वचनचिठ्ठी, हुंडी, धनादेश यांना लागू असलेल्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, 1881 चे कलम 28 इथे आडवे येते. सही कंपनीच्या वतीने आहे किंवा वैयक्तिक जबाबदारी घेतलेली नाही, हे कागदावर दिसले नाही तर सही करणाराच देणेकरी ठरतो. नावाखाली ‘संचालक’ लिहिले की भागले, असेही नाही. कंपनीचे पूर्ण नाव आणि ‘करिता’ हवेच. (संचालकाने वेगळी वैयक्तिक हमी दिली असेल तर ‘करिता’ लिहूनही त्या हमीतून सुटका नाही.) व्याजदर दहादा तपासला जातो, सहीची जागा कुणी बघत नाही! कर्ज देणाऱ्या संस्थांनी छापील नमुन्यातच ‘कंपनीकरिता’ ही ओळ द्यावी.

– एक वाचक