सिनेमा कुठे लागलाय, ते तरी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी प्रेक्षक चित्रपटगृहाकडे फिरकत नाही, अशी तक्रार करणारा लेख कालच्या रविवार पुरवणीत वाचला. लेखकाने निर्मात्यांची बाजू मांडली, वितरकांची मांडली, प्रसिद्धीवर किती पैसा ओतावा लागतो तेही सविस्तर सांगितलं. प्रेक्षकाला मात्र कुणी विचारलेलं दिसत नाही. मी प्रेक्षक आहे. मालवण तालुक्यात राहते आणि तिकीट काढून सिनेमा बघते, अर्थात बघायला मिळाला तर.

कोकणातल्या जत्रेत जाऊन केलेली अभिनव प्रसिद्धी म्हणून लेखात ज्या प्रकाराचं कौतुक केलंय, ती जत्रा आमच्या गावची. मी तिथे होते, म्हणून हे पत्र.

पालखीची प्रदक्षिणा झाली होती, आडदशावतार, म्हणजे दशावतारी नाटकाचा पूर्वरंग, होऊन आख्यान सुरू झालं होतं. आमच्या दशावतारात नेपथ्य कसलं, मागे एक पडदा आणि पुढे एक लाकडी बाकडं. राजा त्या बाकड्यावर बसला की तोच दरबार. त्या रात्री राजाचं सोंग घेतलेले कलाकार साठीच्या पुढचे. जेवण आटोपून, जमिनीवर बसून, हातात आरसा धरून त्यांनी स्वतःचं तोंड स्वतः रंगवलं होतं. त्यांचं भाषण रंगात आलं असताना दोन मोठ्या गाड्या थेट देवळाच्या आवारापर्यंत आल्या. मागोमाग टेम्पोवर एलईडी स्क्रीन. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एका मुलाने पेटीवाल्याला हाताने ‘थांबा’ म्हणून खूण केली आणि पेटी थांबली.

सिनेमाचा नायक सगळ्यांना दिसावा म्हणून तो त्या बाकड्यावर चढला. बुटांसकट. माझ्या पुढ्यात बसलेल्या म्हातारबाबांनी मोठ्याने विचारलं, “आता राजा बसतलो खंय?” कुणी उत्तर दिलं नाही. राजा बाजूला उभाच होता. त्याच्या हातात सिनेमाच्या नावाची पाटी दिली, कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं, मग एक कागद देऊन त्यावरचा संवाद म्हणायला लावला. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. हा माणूस आयुष्यभर रंगमंचावर उभ्या उभ्या संवाद रचत आलाय. त्याला दुसऱ्याची ओळ कागदावरून वाचायला लावली, तीही त्याच्याच मांडावर, म्हणजे खेळाच्या जागी, आणि ती दोनदा वाचून घेतली, कारण पहिल्यांदा उजेड कमी पडला.

स्क्रीनवर ट्रेलर दाखवला, पुन्हा दाखवला, आणि अर्ध्या तासाच्या आत गाड्या निघूनही गेल्या. पोरंटोरं गाड्यांमागे धावली, बाया उठून खाज्याच्या दुकानांकडे गेल्या. नाटकाचे सूत्रधार असलेल्या नाईकांनी खांद्यावरच्या उपरण्याने बाकडं पुसलं. आख्यान पुन्हा सुरू झालं तेव्हा निम्मी माणसं जागेवर नव्हती. ज्याच्यासाठी लोक पहाटेपर्यंत थांबतात ते युद्ध त्या रात्री आवरतं घ्यावं लागलं. आणि जत्रेच्या तुमच्या बातमीत छापलं होतं की, सिनेमाच्या कलाकारांनी रात्रभर दशावताराचा आनंद लुटला. कुणी पाहिलं? तुमचा बातमीदार तिथे मला तरी दिसला नाही. मजकूर आला तसा छापला असावा, असं म्हणायला जागा आहे.

हे सगळं आमच्यासाठी नव्हतंच, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. विरारला राहणाऱ्या पुतण्याने रील पाठवलं, “काकी, तू दिसलीस!” जत्रेतली गर्दी, समया, राजाचा मुकुट, सगळं त्यात होतं. जाहिरात होती विरार-डोंबिवलीच्या चाकरमान्यांसाठी. गावचं देऊळ दिसलं की त्यांच्या पोटात तुटतं, हे प्रसिद्धीवाल्यांना पक्कं ठाऊक आहे. त्या ओढीवर तिकिटं विकण्यात गैर काही नाही. पण ज्यांचा चेहरा वापरला त्यांना सिनेमा दाखवाल की नाही? आमच्या तालुक्यात तो लागला नाही. तासाभराच्या अंतरावर एका पडद्यावर एकच खेळ होता, रात्रीचा, आणि तो सुटल्यावर परतीची एसटी नाही. पुढच्या शुक्रवारी तोही गेला. मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला सोयीची वेळ मिळावी म्हणून 2015 साली सरकारने आग्रह धरला होता. पण ज्याच्या पंचक्रोशीत मल्टिप्लेक्सच नाही, त्याने त्या नियमाचं काय करायचं?

लेखकाला हे माहीत असणारच की, आता सारा खर्च पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारवर होतो. सोमवारी खुर्च्या किती भरल्या ते बघून खेळ कमी करतात. आमच्याकडे सिनेमा पोचतो तो एकमेकांच्या तोंडून. मुंबईहून फोन येतो, “चांगला आहे, बघून घ्या”, मग दोन-चार घरं मिळून गाडी ठरवतात, शेतीची कामं बघून दिवस काढतात. तोवर सिनेमा उतरलेला असतो. आणि मग तुम्हीच लिहिता की प्रेक्षक येत नाही.

दादासाहेब फाळक्यांनी 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची जाहिरात केली ती 57 हजार चित्रं, दोन मैलांची लांबी आणि तिकीट फक्त तीन आणे, अशी. त्यातही बढाई होतीच, पण गिऱ्हाइकाला निदान कळत होतं की किती पैशात काय मिळणार. माझ्या लहानपणी रिक्षावर कर्णा बांधून गावोगाव पुकारा व्हायचा. रंगीत पत्रकं उडवत रिक्षा जायची आणि आम्ही ती गोळा करायचो. चार ओळींच्या त्या पत्रकात टॉकीजचं नाव, खेळाची वेळ आणि दर हमखास असायचा. आज तुमचं पहिलं पान अख्खं सिनेमाच्या जाहिरातीने भरलेलं असतं आणि त्यात कोकणातल्या एकाही पडद्याचं नाव नसतं.

ट्रेलरवर भरवसा ठेवावा, तर तेही नाही. औरंगाबादच्या एका शिक्षिकेने ट्रेलरमध्ये दाखवलेलं गाणं सिनेमात नाही म्हणून ग्राहक मंचाकडे दाद मागितली होती. राज्य आणि राष्ट्रीय आयोगाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला, पण एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. ट्रेलर म्हणजे वचन किंवा करार नव्हे, असं न्यायालय म्हणालं. कायद्याने ते बरोबर असेल. पण मग जाहिरात कुठली आणि बातमी कुठली, हे ओळखायला साध्या माणसाकडे वर्तमानपत्राशिवाय काय उरतं? समाजमाध्यमांवर पैसे घेऊन शिफारस करणाऱ्याने तसं उघड सांगावं, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये घालून दिली. रीलवाल्या पोरांनी जे पाळायचं, ते वर्तमानपत्राने आधी पाळायला हवं. प्रसिद्धीवाल्यांकडून आलेला मजकूर असेल तर त्यावर ‘जाहिरात’ असं वाचता येईल अशा अक्षरात छापा.

आणखी एक. त्या सिनेमाचा फ्लेक्स आमच्या तिठ्यावरच्या एसटी थांब्याला अजून बांधलेला आहे, बरोबर वेळापत्रकाच्या फलकावर. बाहेरगावचा माणूस गाडी कधी म्हणून विचारत उभा असतो आणि वर नायक हसत असतो. ग्रामपंचायतीत सांगितलं तर परवानगी आम्ही दिलेली नाही म्हणतात, आगारात सांगितलं तर फ्लेक्स आमचा नाही म्हणतात. ज्यांचा आहे ते मुंबईला. तुमच्याकडे त्यांचा फोन नंबर असणारच, जाहिरात घेताना घेतला असेल. त्यांना एवढा निरोप द्या.

जत्रेची बातमी दुरुस्त करून पुन्हा छापावी आणि त्यात राजाचं सोंग घेतलेल्या कलाकाराचं नाव त्यांना विचारून द्यावं, ही विनंती. तुमच्या फोटोखाली नायक-नायिकेची नावं होती, त्यांचं नव्हतं. जागेअभावी पत्र कापावं लागलं तर फाळके आणि कोर्ट कापा, बाकड्याचा मजकूर ठेवा.

आपली,
एक वाचक, ता. मालवण